आखाजीच्या डावावर लावलेला लेथ

लेथ बघायला आम्ही धुळ्याला गेलो, तेव्हा विकणाऱ्या आप्पांनी खुर्ची दिली ती नानाला, चहा दिला तोही आधी नानाला, आणि मशीनची सगळी तारीफ ऐकवली तीसुद्धा नानालाच. नाना माझा थोरला भाऊ. केळीचा घड नुसता बघून तो किती भरेल ते सांगेल, पण लेथमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लेथ हवा होता मला. पैसे माझ्या पगारातले. मी रावेरला शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. पगार आणून आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातावर ठेवायचा अशी आमच्या घरची रीत. ती मोडून मी तो वेगळा ठेवत होते, आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एवढं सगळं करून मी धुळ्यापर्यंत पोचले, तर आप्पा मला म्हणतात, “ताई, तुम्ही तठे सावलीमा बसा. आम्ही बोलतस.” मी बसले नाही. आजही कोणी मला ‘तुम्ही तिकडे बसा’ म्हटलं की मी होते तिथेच ठाम उभी राहते. वय झालं, गुडघे दुखतात, तरी.

लेथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. कुंभाराचं चाक आडवं करा, त्याला मोटर जोडा आणि मातीच्या जागी लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा पकडा. तुकडा गरगर फिरतो, आपण धारदार हत्यार त्याला हळूच टेकवायचं, आणि धातूचे पापुद्रे सुटत सुटत आतून हवा तो गोल निघतो. हे वेड मला लागलं देवपूरला. कॉलेजसाठी मी तिथे मावशीकडे राहत होते. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मुलांना वर्कशॉप शिकवायचे. घराच्या मागच्या पडवीत त्यांचा स्वतःचा एक छोटा लेथ होता. रविवारी सकाळी मावशी शेवभाजीचा मसाला भाजायला घ्यायची आणि काका पडवीत जायचे. मसाल्याच्या ठसक्यात तेलाचा आणि तापलेल्या पितळेचा वास मिसळायचा, आणि तो वास मला जो काही आवडायचा, ते मी कोणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. मी एकदा विचारलं, “काका, हे कशासाठी बनवता?” काका म्हणाले, “कशासाठीच नाही. बनवायला आवडतं.” मी शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे मांजरसुद्धा उंदरांसाठी पाळतात. ‘कशासाठीच नाही’ हे उत्तर कोणी मोठा माणूस न लाजता देतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी मला हत्यार धरायला शिकवलं आणि मी पितळेचा एक भोवरा काढला. वाकडा होता, पण फिरला.

शिक्षण संपवून मी रावेरजवळ आमच्या मळ्यातल्या घरी परत आले. चहूकडे केळी. वारा सुटला की केळीची पानं फडफडून फाटायची, विहिरीवरची मोटर घुमत राहायची, आणि कटाईच्या दिवसांत ट्रकवाले रस्त्यावरून हॉर्न मारून मारून डोकं उठवायचे. एका संध्याकाळी वरण-बट्टी होती. बट्टी कुस्करून आबांनी तूप ओतलं, मूड बरा दिसला, म्हणून मी विषय काढला. आबांचा घास हातातच राहिला.

“लेथ घेऊन काय दुकान टाकशीन?”

“नाही.”

“मंग?”

“हौस म्हणून.”

“हौसेले कोनी लोखंड घेते का, बाप्पा? साडी घे, पाटल्या घे. हौस म्हनजे काय लोहाराचं काम?”

मला राग आला. आमची एक चुलत बहीण होती, ती पडद्यांवर मोर भरायची. घरभर मोर. येणारा-जाणारा बघून म्हणायचा, काय हात आहे पोरीला! मी आबांना म्हटलं, “तिला विचारलं का कोणी, की या मोरांपासून घरात येतं काय? सुई चालते आणि लेथ चालत नाही, हे कोणी ठरवलं?” नाना हसला. आई, जिला आम्ही माय म्हणायचो, ती चुलीपाशी पुढची बट्टी उलटवत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “घेऊ द्या तिले. माझ्या चुलीवर तर नाई ठेवत ना आनून.” मायचं पाठिंबा देणं हे असं असायचं. आबांनी शेवटी एकच अट घातली: नाना संगे जाईल.

तर असे आम्ही आप्पांच्या वर्कशॉपात. ते बंद करून त्यांना मुलाकडे जायचं होतं, आणि विकायला दोन लेथ होते. एक मधोमध, नवा हिरवागार रंग मारलेला. दुसरा कोपऱ्यात गोणपाटाखाली. नाना लेकाचा जन्मभर बैल बघत आलेला, त्यानं लेथही तसाच बघितला. एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, मागे सरकून अंगलट पाहिली आणि मशीनच्या डोक्यावर थाप मारली. दात बघायचे तेवढे राहिले. आप्पांनी माणूस ओळखला. म्हणाले, “नानाभाऊ, हाई मशीन म्हंजे जातिवंत बैल शे. रंग देखा, तेज देखा.” नाना मला म्हणाला, “शालू, हाच.”

मी मशीनपाशी गेले. लेथचा रंग कधी बघायचा नसतो, बेड बघायचा. बेड म्हणजे ज्या लांब लोखंडी रुळांवरून हत्यार पुढेमागे सरकतं ते. जिथे रोज काम चालतं तिथे ते रूळ झिजतात, बाकीचे तसेच राहतात. मी नख टेकवून टोकापासून सुरुवात केली, आणि तुकडा पकडतात त्या बाजूला आल्यावर नख खटकन पायरी उतरावी तसं खाली गेलं. मग मी एक सळई लावून घेतली, टोकापासून टोकापर्यंत हत्याराचा एकच हलका हात फिरवला आणि दोन्ही टोकांना मापलं. एक टोक जाड, एक बारीक. आप्पा नानाकडे बघून म्हणाले, “पोरले काय समजस यामा? एवढं चालस.” मी म्हटलं, “आप्पा, तुम्हाला चालत असेल. मला नाही चालत.” आणि जाऊन कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. धूळ इतकी की नाना खोकत बाहेर गेला. एक दांडी तुटलेली, पत्र्याला गंज, रंगाचे पोपडे. पण नख सरळ गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सळई लावली, मापली. दोन्ही टोकं सारखी. मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसायला लागले. “हा,” मी म्हटलं. आप्पा म्हणाले, “तो? अहो ताई, त्याले कोन इचारस!” मी म्हटलं, “मी विचारते ना.”

मग आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. तुटलेल्या दांडीच्या जागी दुसरी दिली, हत्यारांची एक पेटी वर दिली, आणि सगळं बघून घेतलं ना, म्हणून मलाच विचारलं, “बठ्ठं देखी लिधं ना, ताई?” पण सौदा ठरल्यावर हातात हात देऊन सुपारी द्यायची वेळ आली, तेव्हा हात पुढे केला तो नानापुढेच. पोरीचा हात कसा धरायचा, म्हणून असेल. नानानं ऐटीत हात दिला, सुपारी तोंडात टाकली आणि गावात येऊन सांगितलं, “मी लेथ घेतला.” मी मनात म्हटलं, सुपारी चघळ बाबा, लेथ माझा आहे.

केळी उतरवून धुळ्याकडून परत येणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकमधून लेथ मळ्यात आला. उतरवताना आठ जण ओरडत होते आणि दोघेच उचलत होते, हे आपल्याकडे चालायचंच. घरातल्या विजेवर तो चालणार नव्हता, त्याला विहिरीच्या मोटरीसारखी थ्री-फेज लागायची. म्हणून मोटरीच्या शेडला लागून पत्र्याची खोली काढली आणि सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट आवळून तो बसवला. माय हळदी-कुंकू, उदबत्ती आणि नारळ घेऊन आली. नवीन वस्तू म्हटल्यावर पूजा आलीच. तिनं नारळ उचलला तो थेट बेडवर आपटायला. मी ओरडले, “माय, दगडावर फोड!” नारळाचं पाणी त्या घासलेल्या रुळांवर पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गंज चढला असता. माय रागावली. देवाच्या पाण्यानं कुठं गंज चढतो का, म्हणाली. पण नारळ दगडावर फुटला, आणि कुंकवाचं बोट मी लेथच्या पायाला लावून घेतलं. तो ठिपका पुढे तेलानं काळा पडला.

आता मी जळगावला मेहरूणमध्ये राहते, तलावापासून चालत जाण्याइतकी जवळ. लेथ गाडी ठेवायच्या जागेत आहे आणि गाडी रस्त्यावर उभी असते. शेजारी चांगले आहेत, पण नवीन कोणी राहायला आलं की महिन्याभरात विचारतंच, “काकू, ते भंगार काढून का नाही टाकत?” मी त्यांना आत बोलावते, चहा देते आणि त्यांच्यासमोर एखादं कडं कापून दाखवते. बहुतेक जण चहा संपवून निघून जातात. लग्नाचं विचाराल, तर लग्न झालं, लेथसकट झालं. ज्याला दोन्ही चाललं त्याच्याशीच झालं. नातवंडं हल्ली मोबाईलवर परदेशातल्या म्हाताऱ्यांचे लेथ दाखवतात आणि म्हणतात, आजी, हे बघ, तुझ्यासारखेच. मी म्हणते, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं सावलीत.

मळ्यातले ते दिवस मात्र माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. थ्री-फेज लाईट एका आठवड्यात दिवसाची असायची, एका आठवड्यात रात्रीची. दिवसाची असली की शाळेतून आल्यावर मी साडीवर आबांचा जुना शर्ट चढवायची, पदर खोचायची, वेणीचा घट्ट अंबाडा घालायची आणि शेडमध्ये शिरायची. मोटरीचा पट्टा सळसळायचा, हत्यार टेकलं की पितळ बारीक गायचं आणि लोखंड कुरकुरायचं. मी मायच्या शेवया काढायच्या यंत्राच्या स्क्रूचा झिजलेला आटा नवा कापून दिला, झोक्याच्या कडीला पितळेची बाही बसवून दिली. पण माझा जीव होता एका छोट्या इंजिनावर. वाफेवर चालणारं, ओंजळीत मावेल असं इंजिन मी एकेक भाग लेथवर कातून बनवत होते. आबा येऊन विचारायचे, “यानं पानी काढता येईन?” नाही. “पीठ दळता येईन?” नाही. “मंग हे करते काय?” मी म्हणायचे, “फिरतं.” आबा मान हलवत केळीत निघून जायचे.

नानाचं वेगळंच चाललं होतं. रावेरमध्ये पंपांचे, ट्रॅक्टरचे लहानसहान भाग कातून घ्यायला लोकांना ताटकळत बसावं लागायचं, आणि आमच्या शेडमध्ये लेथ. नाना म्हणायचा बाहेर बोर्ड लावू, एक माणूस ठेवू, धंदा करू. अडलेल्या माणसाला मी एखादी पिन, एखादी बुश कधी नाही म्हटलं नाही. पण दुकान नाही म्हणजे नाही. “घरात दुभती म्हैस बांधून ठेवायची अन् दूध नाई काढायचं, असं झालं हे,” नाना म्हणाला. मी म्हटलं, “म्हैस माझी आहे. मला तिच्याशी बोलायला आवडतं.” तो चिडला. चिडू दे.

अशात आखाजी आली. ज्यांनी खान्देशातली आखाजी पाहिली नाही त्यांना अक्षय्य तृतीया म्हटलं की सोन्याची दुकानं आठवतात. आमच्याकडे आखाजी म्हणजे पोरींचा सण. सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात. पितरांसाठी पाण्याची घागर भरून वर आंबा आणि सांजोरी ठेवतात. माय खापरावर हातभर मांडे टाकायची आणि आम्ही आमरसात बुडवून खायचो, नंतर कोणाला उठवायचं नाही. आणखी दोन गोष्टी त्या दिवशी होतात. एक म्हणजे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं आखाजीलाच सुरू होतं. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. ज्याला नवा गडी हवा तो त्याच दिवसांत बोलून ठरवून घेतो. दुसरी म्हणजे पत्ते. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूसही आखाजीला डाव मांडून बसतो. सणाचा डाव म्हणून कोणी काही म्हणत नाही, आणि डावातला शब्द मात्र दगडावरची रेघ मानतात. नाना दुपारी जेवून गेला तो पत्ते खेळायलाच. मी झोक्यावर होते. मला काय माहीत तिथे काय शिजतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये इंजिनाचं चाक लावलं होतं. पितळेचं, तळहाताएवढं. हलका हात चालू होता, अजून बरंच कातायचं बाकी होतं. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. मागे रिकामी ट्रॉली, ट्रॉलीत चार गडी, जाड दोर आणि लोखंडी पाइप. पुढून उतरले झिपरूभाऊ. शेजारच्या गावचे, आमच्यासारखेच केळीवाले, आबांच्या उठण्या-बसण्यातले. त्यांच्या पोराला रावेरला वर्कशॉप टाकून द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि माझा लेथ त्यांनी दोनदा येऊन बघितला होता. मला वाटलं, एखादी पिन कातून घ्यायला आले असतील. दोर कशाला, ते कळेना.

झिपरूभाऊ दारातून म्हणाले, “शालू, बंद कर वं पोरी. न्यायचाय तो.”

“काय न्यायचंय?”

“नानानं नाई सांगितलं? काल डावावर लावला ना त्यानं. गेला तो.”

माझ्या कानात पट्ट्याचा आवाज तेवढा राहिला. नाना विहिरीपाशी उभा होता, पायानं माती उकरत. मी विचारलं, “नाना, खरं?” तो म्हणाला, “खिसा खाली झाला होता, शालू. यायनी म्हटलं लेथ लाव. मले वाटलं, हात येतोच हाये. तसाबी तो पडूनच राह्यतो.” पडून राहतो म्हणे! रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. डोकं तापलं, हात मात्र स्थिर झाले. मी हत्यार आणखी थोडं पुढे घेतलं आणि कातत राहिले. फिरत्या लेथला कोणाची हात लावायची छाती होत नाही.

आबा आले. झिपरूभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आबा नानाच्या कानाखाली वाजवतील. आबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “देऊन टाक शालू. दुसरा घेऊ.”

“का देऊ?”

“डावातला शबद हाये. आपल्या घराचा शबद आजवर खाली गेला नाई.”

“शब्द घराचा आहे ना, आबा? मग घराचं काय असेल ते द्या. हा घराचा नाही. हा माझा आहे.”

“माझ्या जागेत उभा हाये तो. अन् बापाच्या घरात पोरगीचं वेगळं काय असते?”

हे आबा म्हणाले. माझे आबा, मी शाळेला जाताना दारापर्यंत येणारे. आजही हे वाक्य लिहिताना मला वाईटही वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम. ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की पोरीचं वेगळं काही नसतं. चुलीचा धूर, मायचे दागिने, माझा पगार, माझा लेथ, सगळं त्यांच्याच छपराखालचं. मी त्या क्षणी गप्प बसले असते तर ते खरंच झालं असतं, आणि लेथ गेला असता तो तर गेलाच असता, पण त्याच्यामागून मीही गेले असते. मी काही बसणारी नव्हते.

मी हत्यार मागे घेतलं, पण मोटर चालू ठेवली, आणि विचारलं, “झिपरूभाऊ, या वर्षी तुमचा सालदार ठरला का?”

त्यांना काही समजेना. “नाई अजून. जुना सोडून गेला. पाहतोय.”

“मग पाहू नका. हा न्या.” मी नानाकडे बोट केलं. “शब्द यानं दिला, तर शब्दाला हाच जाईल. आखाजीचं साल कालच सुरू झालंय. वर्षभर राबवून घ्या, लेथचं काय असेल ते फिटेल. माझी वस्तू डावावर लावायचा याला हक्क नव्हता, स्वतःचे दोन हात तरी याचे स्वतःचे आहेत.”

ट्रॉलीतले गडी फसकन हसले. झिपरूभाऊही हसले, आणि मग हसता हसता थांबून नानाला खालून वर न्याहाळू लागले. नाना म्हणाला, “शालू, मजाक पुरे.” मी म्हटलं, “मजाक तू केलीस. मी सौदा करतेय.”

आबा कडाडले. “पाटलाचं पोर लोकाच्या बांधावर सालदारकी करीन? लोक तोंडात शेन घालतीन!”

“सालदारकी केली तर शेण, आणि बहिणीची वस्तू पत्त्यात उडवली तर काय, आबा? पेढे? आपल्या घरी गोविंदा सालदार होता, तुम्ही त्याला कधी हलका म्हटलं नाही. मग नानाला काय झालं? त्याचे हात काय लोण्याचे आहेत?”

पट्टा सळसळत होता आणि चाक नुसतंच फिरत होतं. झिपरूभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांना वाटलं असावं की पोरगी बोलून बसली आहे, आता माघार घेईल. म्हणाले, “मले चालते. सालदार तर पायजेच हाये. पन मंग साल म्हनजे साल, बरं का. मधात रडारड नाई. अन् शबद फिटला असं मी चार लोकांत सांगीन.” त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नजर खाली घातली असती तर सगळं संपलं असतं.

तेवढ्यात माय आली. ती घरात सगळं ऐकत होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती, वरून ठेच्याचा लाल डाग उमटलेला. ती आबांकडे गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. सरळ नानाकडे गेली आणि भाकरी त्याच्या हातात दिली.

“जाय,” ती म्हणाली. “पह्यल्या दिवशी उशीर बरा दिसत नाई.”

“माय!”

“तिनं कमावलेलं लावलं तू. मायले तरी इचारलं होतं? जाय.”

आबा वळून केळीत निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ होच व्हायचा. लेथ न्यायला आलेल्या ट्रॉलीत दोर आणि पाइप बाजूला सारून गड्यांनी नानाला जागा करून दिली. ट्रॅक्टर निघाला. मी मोटर बंद केली, ओट्यावर बसले आणि मग मनसोक्त रडले. माय जवळ आली नाही. ती मांड्यांचं खापर घासायला गेली.

नानानं साल पुरं केलं. रोज पहाटे सायकलनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. हाताला घट्टे पडले, रंग काळवंडला. झिपरूभाऊ त्याला गड्यासारखंच वागवायचे, जास्त नाही, कमी नाही. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही आणि शेडकडे फिरकलाही नाही. गावात व्हायची ती चर्चा झालीच. आता याला कोण पोरगी देईल, अशी बायकांना काळजी पडली होती. दिली, चांगली दिली. अजूनही लग्नाकार्यात एखादी म्हातारी माझ्याकडे बोट करून सुनेला सांगते, “हीच ती. सख्ख्या भावाले सालदार केलं हिनं.” सुना घाबरून बघतात. मी म्हणते, हो, केलं. वेळ आली तर उद्याही करीन. एकही म्हातारी आजवर असं म्हणाली नाही की, ‘हिच्या भावानं हिचा लेथ पत्त्यात घालवला होता.’ तेवढं बरं विसरतात.

पुढच्या आखाजीला नानाचं साल संपलं. मी शेडमध्ये होते. इंजिन एव्हाना जोडून झालं होतं आणि मी त्याच्या चाकाची शेवटची कड साफ करत होते. दारात सावली पडली म्हणून वळून पाहिलं, तर नाना. आत आला नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच लेथकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर ना राग होता, ना लाज. मग त्यानं विचारलं, “शालू, हात लावू का?”

मी म्हटलं, “नाही.”

“बरं,” नाना म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, तिथेच उभा राहून, माझं काम बघू लागला.